रस्ता बंद ठेवण्याचा दिवस

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या उपकरण निगमाचे महाव्यवस्थापक माननीय श्री. विजय माथुरसाहेब, हा सगळा घाट घालणाऱ्या वसाहतीच्या मराठी मंडळाच्या कार्यवाह सौ. सुचेताताई किबे, आजचे सत्कारमूर्ती, निगमाचे मालमत्ता अधिकारी आणि माझे मेहुणे श्री. नीळकंठराव घाणेकर; व्यासपीठावर यायला साफ नकार देऊन पहिल्या रांगेत बसलेली त्यांची पत्नी, म्हणजे माझी धाकटी बहीण प्रतिभा; आणि पिपलानीतून, अयोध्या नगरातून, जवाहर चौकाहून बस बदलून आलेल्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सुचेताताईंनी मला बजावलंय, "अच्युतराव, थोडक्यात बोला आणि गोड बोला." थोडक्यात बोलायचा प्रयत्न करतो. गोडाचं मात्र सांगता येत नाही. मी अच्युत गर्दे. मूळचा ग्वाल्हेरचा. सगळी नोकरी राज्य सरकारच्या पाणीखात्यात गेली. पाणीखात्यातल्या माणसाशी लोक गोड बोलत नाहीत, त्यामुळे त्यालाही सवय राहत नाही. नीळकंठराव पुण्याचे, आणि त्यांची नोकरी केंद्र सरकारच्या निगमात. एक मेहुणा राज्याचा, दुसरा केंद्राचा. दर रविवारी दोघं प्रतिभाच्या हातचं जेवायला एकाच टेबलाशी. आणि माथुरसाहब, आप मराठी समझ लेते हैं, यह मुझे मालूम है, इसलिए ज़रा सँभलकर बोलूँगा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझं नीळकंठरावांशी भांडण आहे, आणि ते मी आज इथे, तुमच्या सगळ्यांच्या समोर मिटवायला आलोय. पुढच्या महिन्यात त्यांना क्वार्टर सोडायचं आहे. जन्मभर दुसऱ्यांना क्वार्टरं वाटणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचं घर नाही. पुण्यात पुतण्याच्या शेजारी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहू म्हणतात. प्रतिभाला भोपाळ सोडायचं नाही. तिचं बालमंदिर इथे आहे, तिच्या मैत्रिणी इथे आहेत, आणि पुण्याला गेल्यावर तिला दुसऱ्याच दिवशी सर्दी होते. पण ती बोलत नाही. म्हणून मी बोलतो. आणि यांना घर का नाही, हे या सभागृहात फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यासाठी आपल्याला फाटकापाशी जावं लागेल. तुम्ही सगळे आत्ता त्याच फाटकातून आलात. पिपलानीच्या बाजूने आत शिरलं की आपल्या निगमाची वसाहत, आणि ती ओलांडून पलीकडच्या फाटकातून बाहेर पडलं की अयोध्या नगर. मधला रस्ता निगमाचा. वर्षभर त्यावरून कोणीही जावं, यावं. स्कूटर न्या, सायकल न्या, वरात न्या. पण वर्षातून एक दिवस, जानेवारीतल्या एका रविवारी, दोन्ही फाटकं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद. का? तर रस्ता कायम उघडा ठेवला की उद्या कोणीतरी कोर्टात म्हणेल, हा सार्वजनिकच आहे. तसं कोणी म्हणू नये म्हणून वर्षातून एकदा दाखवून द्यायचं की मालक आम्ही आहोत. नवीन माणसाला हे वेडेपणाचं वाटतं. पण आपल्याकडे याची इतकी सवय झाली आहे की अयोध्या नगरात लोक त्या रविवारी लग्नं ठरवत नाहीत.

आणि त्या दिवशी फाटकाशी खुर्ची टाकून कोण बसतं? नीळकंठराव. चौकीदारावर सोपवून घरी झोपता आलं असतं. पण नाही! इस्त्रीचा शर्ट, मफलर, मांडीवर वर्तमानपत्र. "लोकांना अडवायचं तर आपण समोर बसावं," हे त्यांचं म्हणणं. शिव्या खायच्या तर स्वतः खाव्यात, असा त्याचा अर्थ.

आता पाण्याकडे येतो. अयोध्या नगर वाढत गेलं. घरं झाली, दुकानं झाली, पाणी मात्र टँकरचं. आमच्या खात्याची मोठी लाइन पिपलानीच्या बाजूने निगमाच्या हद्दीपर्यंत आली होती. पलीकडे अयोध्या नगरात नळ टाकून तयार होते. मध्ये राहिला होता एवढा हा रस्ता. याच्याखालून पाइप नेला की काम झालं. सरळ काम आहे की नाही? पिपलानीतल्या कुठल्याही प्लंबरला विचारा.

पण आम्ही प्लंबर नव्हतो, सरकारं होतो. आमचं खातं म्हणालं, पाणी हा राज्याचा विषय आहे, राज्यघटनेतच तसं लिहिलंय. शिवाय ही जमीन निगमाला दिली कोणी? राज्याने. आम्हीच दिलेल्या जमिनीखालून पाइप न्यायला आम्ही परवानगी मागायची? निगम म्हणालं, जमीन एकदा आमची झाली, आता ती केंद्राची. दिल्लीला विचारावं लागेल. दिल्ली म्हणाली, खुशाल पाइप न्या, फक्त राज्याने एवढं लिहून द्यावं की या रस्त्यावर आमचा कसलाही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही. आमचे वरचे साहेब म्हणाले, असं लिहून दिलं तर उद्या हाच कागद प्रत्येक वसाहतीत आमच्या तोंडावर फेकतील. मान आमचा गेला तरी चालेल, राज्याचा कसा घालवू? आणि खरं सांगू का? दोघांचंही चुकत नव्हतं. तेच तर अवघड होतं. कोणीतरी लबाड असता तर त्याला पकडून काम उरकलं असतं.

पाइप आणून फाटकाबाहेर रचून ठेवले होते. त्यांच्यात कुत्री व्याली. मुलं लपाछपी खेळली. निवडणुका आल्या तेव्हा त्यांवर पोस्टरं लागली.

मला ऑफिसात सगळे म्हणायचे, "गर्दे साहब, आपके तो बहनोई हैं. घर की बात है, घर में निपटा लो." आणि निगमात यांना म्हणायचे, तुमचे साले आहेत ना तिकडे! पण आमच्या घराचा कायदा वेगळा. बहिणीचा नवरा म्हणजे जावई. जावयाकडे काही मागायचं नसतं, हे मला माझ्या आईने शिकवलेलं. आणि ऑफिस जेवणाच्या टेबलावर आणायचं नाही, हा प्रतिभाचा नियम. त्यामुळे आम्ही दोघं रविवारी वरणभात जेवायचो, क्रिकेटवर बोलायचो आणि सोमवारी एकमेकांच्या सरकारला कडक उत्तरं लिहायचो. त्यांच्या उत्तरातलं शुद्धलेखन मात्र नेहमी माझ्यापेक्षा चांगलं असायचं.

याच काळात नीळकंठरावांनी अयोध्या नगरात घर घेतलं. निवृत्तीनंतरची सोय म्हणून. छोटंसं, पुढे थोडी मोकळी जागा. प्रतिभाने तिथे घर राहतं व्हायच्या आधी पारिजातक लावला. पाणी टँकरचं, तरी लावला. क्वार्टरमधून कळशी घेऊन जायची आणि घालायची.

घर झाल्याबरोबर या गृहस्थांनी काय केलं असेल? त्याच आठवड्यात साहेबांना लेखी कळवलं की अयोध्या नगरात माझं घर आहे, तिथे पाणी आलं तर माझा फायदा आहे, म्हणून या पाइपच्या प्रकरणात मी हात घालणार नाही, दुसऱ्या कोणाला द्यावं. लोकांनी समजावलं, अहो, असं कोण करतं? कळवलंत ना, झालं, आता सही करा. नाही म्हणजे नाही. मग ते प्रकरण दुसऱ्याकडे गेलं. तो बिचारा नवा होता. दिल्लीचं नाव ऐकलं की त्याला घाम फुटायचा. त्याने ते कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. म्हणजे यांच्या सचोटीने अयोध्या नगरचं पाणी आणखी लांबलं. हे मी यांच्या तोंडावर म्हटलंय आणि आज परत म्हणतो.

मग तो जानेवारीचा रविवार आला. फाटक बंद, नीळकंठराव खुर्चीवर. आणि पिपलानीच्या बाजूने आमच्या खात्याचा टँकर आला. येऊ नये तो आला. रस्ता बंद असल्याची सूचना निगमाने दरवर्षीप्रमाणे जिल्हा कचेरीला दिली होती. जिल्हा कचेरीला वाटलं, पाणीखात्याला ठाऊकच असेल. आणि आमच्या खात्यात आम्ही निगमाच्या सूचना वाचत नाही, कारण वाचल्या तर मान्य केल्यासारखं होतं. हसताय, पण हे असंच होतं.

ड्रायव्हर खाली उतरला. "साहब, गेट खोल दीजिए, पानी है."

"आज रास्ता बंद है, भाई. घूमकर जाओ."

"घूमकर कहाँ से जाऊँ? उधर पुलिया टूटी पड़ी है."

फाटक उघडलं असतं तर? एका टँकरसाठी उघडलं असतं तर त्या दिवसाचा अर्थच गेला असता, आणि वकील तेच शोधत होते. रस्त्याचं एक प्रकरण कोर्टात होतंच. नीळकंठराव उठले, चहा घ्या म्हणाले, पण फाटक उघडलं नाही. तेवढ्यात पलीकडे बातमी गेली. अयोध्या नगरातल्या बायका हंडे, बादल्या, कुकर, जे हाताला लागलं ते घेऊन निघाल्या. फाटकाच्या बाजूला माणसांपुरती जागा असते, तिथून आत आल्या, वसाहत ओलांडली आणि या फाटकाशी टँकरवर भरून परत निघाल्या. त्यांत सगळ्यांत पुढे होत्या लीलावतीबाई. त्या तिथे मागे बसल्या आहेत. उज्जैनच्या आहेत, त्यामुळे बोलायला कोणाच्या बापाला भीत नाहीत. त्या भरलेली बादली घेऊन खुर्चीसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "नीळकंठराव, रस्ता तुमचा, पाणी अच्युतरावांच्या सरकारचं. तहान तेवढी आमची, होय ना?"

यांनी मफलर काढला, खुर्चीवर ठेवला आणि त्यांच्या हातातली बादली घेऊन पलीकडच्या फाटकापर्यंत पोचवली. मग दुसऱ्या बाईची. संध्याकाळपर्यंत फाटक बंदच होतं, आणि मालमत्ता अधिकारी बादल्या वाहत होते. दुसऱ्या दिवशी कंबर धरली ती वेगळी गोष्ट.

पुढच्या रविवारी जेवायला बसलो होतो. प्रतिभा भात वाढत होती. हे म्हणाले, "प्रतिभा, अयोध्या नगरचं घर विकावं म्हणतो."

ती वाढायची थांबली. "का?"

"घर असेपर्यंत मला त्या कामाला हात लावता येत नाही. मी लावल्याशिवाय ते व्हायचं नाही."

"विकलंत तर पाणी येईल?"

"येईल. कसं आणायचं ते मी ठरवलंय."

"नंतर परत घ्यायचं का?"

"नाही. मग विकण्याला अर्थ काय राहिला?"

तिने भात वाढला. तूप वाढलं. मग म्हणाली, "विका. झाडाला पाणी घालतील अशा माणसांना विका म्हणजे झालं."

मी भरल्या ताटावरून उठलो. हो, उठलो! काय समजतात स्वतःला? सगळं आयुष्य त्या पोरीने क्वार्टरमध्ये काढलं. भिंतीला खिळा ठोकायचा तरी निगमाला विचारा. एक घर तिचं झालं होतं, तेही सरकारच्या पायी घालवायचं? मी यांना नको नको ते बोललो. म्हटलं, दिल्लीतल्या कोणाला तुमचं नाव तरी ठाऊक आहे का? हे शांतपणे म्हणाले, "नाही. पण लीलावतीबाईंना ठाऊक आहे." त्यानंतर कितीतरी रविवार मी त्या घरी गेलो नाही.

घर विकलं गेलं. यांनी ते प्रकरण परत मागून घेतलं आणि माथुरसाहेबांकडे गेले. आणि आता यांची युक्ती ऐका. निगमाने राज्याला परवानगी द्यायची नाही. राज्याने ती मागायची नाही. कोणी कोणाला काही लिहून द्यायचं नाही. निगमाने आपल्या रस्त्याखाली, आपल्या वसाहतीच्या सोयीसाठी, आपला पाइप आपणच टाकायचा, या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत. स्वतःच्या अंगणात पाइप टाकायला दिल्लीला कशाला विचारायचं? तेवढा अधिकार महाव्यवस्थापकांना आहे. राज्याने दोन्ही बाजूंना हद्दीपर्यंत लाइन आणून ठेवायची. आता हद्दीवर दोन तोंडं समोरासमोर आली आणि जोडली गेली, तर त्याला कोण काय करणार? पाणी राज्याचं शिरेल, केंद्रातून जाईल आणि परत राज्याचं होऊन बाहेर पडेल. माथुरसाहब, आपने उस दिन कितनी देर हँसने के बाद दस्तख़त किए थे, यह मैंने सुना है.

आणि खणायचं कधी? तर रस्ता बंद ठेवायच्या दिवशी. त्या दिवशी रस्ता निगमाचा आहे याबद्दल वकिलालाही शंका नसते, आणि वाहनं कोणी अडवली हा प्रश्नच येत नाही. ज्या दिवसाने टँकर अडवला, त्याच दिवशी पुढच्या वर्षी पाइप गेला.

मी सकाळपासून पिपलानीच्या फाटकाबाहेर उभा होतो, हे आत. आमचं बोलणं बंद होतं. माझा फिटर बाहेर, त्यांचा फिटर आत, आणि सांधा आला नेमका फाटकाच्या खाली. दोन्ही फिटर पाना हातात घेऊन एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या फिटरने विचारलं, "साहब, नट कौन कसेगा? इधर वाला या उधर वाला?"

मी बघितलं यांच्याकडे. यांनी बघितलं माझ्याकडे. केवढा प्रश्न! राज्याने कसला तर राज्याने निगमाच्या वस्तूला हात लावला. निगमाने कसला तर केंद्राने पाणीपुरवठ्यात लक्ष घातलं. शेवटी हे खड्ड्यात उतरले, मीही उतरलो. चार नट होते. दोन यांनी कसले, दोन मी. दोघांचे हात चिखलाने भरले. बोललो मात्र नाही. वर आलो तर प्रतिभा फाटकाशी चहा घेऊन उभी. एक कप आत दिला, एक सळ्यांमधून बाहेर. मला म्हणाली, "दादा, रविवार आहे. जेवायला ये." मी गेलो.

पाणी आलं. अयोध्या नगरात त्या दिवशी लोकांनी नळांना हार घातले. राज्याचे पुढारी आले, त्यांनी पाणी राज्याने आणलं म्हणून सांगितलं. दिल्लीहून कोणी आले, त्यांनी केंद्राने आणलं म्हणून सांगितलं. नीळकंठरावांचं नाव कोणी घेतलं नाही, आणि घेतलं असतं तर यांनीच खोडून काढलं असतं. म्हणून आज माइक माझ्या हातात आहे तोवर मी घेतो. ते पाणी या माणसाने आणलं. माझ्या बहिणीच्या घरावर पाणी सोडून आणलं. ज्यांच्या घरी आज सकाळी नळ आला असेल त्यांनी हे ऐकावं, म्हणून मी हे बोललो.

आता भांडणाचं. निवृत्त झाल्यावर मी अयोध्या नगरात घर बांधलं. वर एक मजला जास्तीचा काढला. यांना म्हटलं, राहायला या. हे म्हणाले, "बायकोच्या भावाच्या घरात? शक्य नाही." भाडं घ्या म्हणाले, मी घेणार नाही. फुकट राहा म्हटलं, ते राहणार नाहीत. मी विनंती करायची तर जावयाकडे मागितल्यासारखं होतं, यांनी हो म्हणायचं तर मेहुण्याकडून घेतल्यासारखं होतं. पुन्हा तेच, दोन सरकारं! सहा महिने हे चाललंय. आणि प्रतिभा मधल्या रस्त्यासारखी दोघांच्या मध्ये.

तेव्हा नीळकंठराव, आता अध्यक्षांच्या साक्षीने ऐका. मी घराला जिना बाहेरून काढला आहे. तो थेट महापालिकेच्या रस्त्यावर उतरतो. माझ्या अंगणात तुम्हाला पाऊल टाकावं लागणार नाही. वरच्या मजल्याचा विजेचा मीटर वेगळा आहे, दारावर पाटी लावायला जागा वेगळी आहे. मी तुम्हाला या म्हणत नाही. तुम्ही येतो म्हणू नका. कोणी कोणाला काही लिहून द्यायचं नाही. वरच्या मजल्याची किल्ली मी परवा प्रतिभाच्या हातात दिली, आणि काल संध्याकाळी ती त्या जिन्याने वर जाऊन पारिजातकाची फांदी कुंडीत लावून आली. कुठल्या झाडाची, ते तुम्हाला सांगायला नको. तिने मला विचारलं नाही, आणि बहुधा तुम्हालाही विचारलेलं नाही.

बघा, ती हसते आहे. म्हणजे नाहीच विचारलेलं.

मंडळी, बोलण्याच्या भरात मी माझ्या सरकारला, यांच्या सरकारला आणि घरच्या जावयाला जे काही बोललो असेन, ते म्हाताऱ्याचा तोंडाळपणा म्हणून पोटात घाला. माथुरसाहेबांनी वेळेचं घड्याळ उलटं ठेवून मला बोलू दिलं, सुचेताताईंनी माइक काढून घेतला नाही, आणि तुम्ही सगळे जेवण थंड होत असताना बसून राहिलात, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आणि नीळकंठराव, उद्या रविवार आहे. कुंडीला पाणी घालायला कोणीतरी वर जायला हवं. नळ सकाळी येतो.